नळीचा पीळ आणि गोळीची लांबी

कोल्हारहून नगर-मनमाड रस्त्याने राहुरी ओलांडून अहिल्यानगरला पोहोचायला पन्नासेक किलोमीटर पडतात. तिथले रणगाडा संग्रहालय प्रवरा नदीच्या पट्ट्यातल्या अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते. मुले साखळ्या बघतात, चिलखतावर हात फिरवतात. नळीच्या तोंडाशी मात्र क्वचितच कोणी थांबते, आणि खरे थांबण्याजोगे तिथेच आहे. विजयंता रणगाड्याची तोफ 105 मिलिमीटरची. तिच्या नळीच्या आत बोल्टाच्या आट्यांसारखे, पण फार लांब पल्ल्याने वळत गेलेले चर असतात. टी-72 या रणगाड्याची तोफ 125 मिलिमीटरची, आणि ती आतून पूर्ण गुळगुळीत. त्यानंतरच्या भारतीय बनावटीच्या अर्जुनाची 120 मिलिमीटरची तोफ पुन्हा आटेदार. एकाच सैन्यात, एकाच कामासाठी असलेल्या यंत्रांत एक नळी आटेदार आणि दुसरी गुळगुळीत का, याचे उत्तर नळीत नाही. ते नळीतून काय सोडायचे आहे त्यात आहे.

हाच प्रश्न ठासणीच्या रायफलीला लागू होतो. महाराष्ट्रात ठासणीची बंदूक ही केवळ इतिहासातली वस्तू नाही. पीक संरक्षणाच्या परवान्यावर, वडिलोपार्जित वारशात किंवा संग्राहकाच्या कपाटात ती आजही आढळते. तिच्याविषयी बोलताना लोक लाकूडकाम बघतात, चाप-घोड्याचे नक्षीकाम बघतात, किती जुनी ते विचारतात. आतले आटे कसे आहेत आणि त्यांना कोणती गोळी मानवते, हे विचारणारे थोडे. बंदूक सरळ मारते की वाकडे, हे मात्र त्या एकाच गोष्टीवर सर्वांत जास्त अवलंबून असते.

आधी शब्द ठरवून घेऊ. कोल्हारच्या परिसरात ऊस लावणाऱ्याला सरी-वरंबा समजावून सांगावा लागत नाही. रायफलीच्या नळीतही तेच असते: कोरून काढलेली खोलगट सरी आणि दोन सऱ्यांच्या मधला उंच राहिलेला वरंबा. फरक इतकाच, की या सऱ्या सरळ जात नाहीत, दोरखंडाच्या पेडासारख्या पीळ घेत जातात. एक पूर्ण फेरा होईपर्यंत नळीची जेवढी लांबी खर्ची पडते, तो त्या नळीचा पीळ. 78 इंचांत एक फेरा म्हणजे सैल पीळ, 20 इंचांत एक फेरा म्हणजे घट्ट. नळीचा व्यास दोन ठिकाणी मोजतात, वरंब्यापासून वरंब्यापर्यंत आणि सरीपासून सरीपर्यंत. गोळी निवडताना हे दोन्ही आकडे लागतात, आणि पीळ हा तिसरा.

तरीही या सगळ्याच्या आधी दोन गोष्टी पाहायच्या. नळी भरलेली आहे का, आणि नळीत आटे मुळात आहेत का?

जुन्या वाड्यातून उतरवलेली ठासणीची बंदूक रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नये. आजोबांनी भरून ठेवलेला बार नातवाच्या हातात जिवंत असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षे खराब होत नाही. पाहायची रीत सोपी आहे. कानावर, म्हणजे टोपी बसते त्या बोंडावर, टोपी नाही, किंवा चकमकीच्या बंदुकीत रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, नाही, याची खात्री करावी. नळीच्या तोंडासमोर कोणीही, स्वतःसुद्धा, येणार नाही अशा बेताने ठासणीचा गज आत हळूच सोडावा आणि तोंडाशी खूण करावी. मग तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहावा. गजाचे टोक कानाच्या किंवा रंजकछिद्राच्या पातळीपर्यंत पोहोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. ते घरी काढू नये. तापवणे, ठोकणे, पाणी भरून सोडून देणे असले प्रयोग करू नयेत. बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच ती न्यावी.

नळी रिकामी निघाली की आटे पाहायचे. बारीक दिवा आत सोडून तोंडातून तिरके पाहिले की सऱ्या दिसतात, असल्या तर. महाराष्ट्रातल्या पीक संरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका सहसा गुळगुळीत नळीच्या असतात. त्यांना हा लेख फार थोडा लागू होतो. छर्रे किंवा एकेरी गोल गोळी एवढेच त्यांचे काम.

इथे कायद्याचाही भेद आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो, अशीही तिथे तरतूद आहे. परवान्यावर जे वर्णन लिहिले आहे तेच शस्त्र हातात हवे. गुळगुळीत नळीत आटे कोरून घेणे, नळी कापून आखूड करणे, शोभेच्या बंदुकीला चालती करणे, ही हौस नाही, गुन्हा आहे. बाजारात भिंतीवर टांगायला मिळणाऱ्या प्रतिकृतींच्या नळ्या दारूचा दाब सोसण्यासाठी तपासलेल्या नसतात. त्यांच्याबाबत पीळ आणि गोळीचा विचारही करू नये. ज्या पुराणवस्तूचा दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापर होऊ शकत नाही, तिला कलम 45 सूट देते. पण आपली वस्तू त्यात बसते की नाही हे घरमालकाने ठरवायचे नसते, अधिकृत तपासणीतूनच ते ठरू द्यावे.

आणि परवाना हातात असला म्हणून जनावरावर बंदूक चालवण्याची मोकळीक मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 सालापासून आहे. रानडुकराने मका लोळवला तरी वन खात्याच्या परवानगीवाचून गोळी झाडता येत नाही. उसातल्या बिबट्याला तर त्या कायद्याने सर्वांत वरचे संरक्षण दिलेले आहे. पिंजरा, गस्त, माणसे सावध करणे हे त्याचे उपाय, आणि ते वन खात्याच्या हातचे.

आता मूळ विषय. गोळीला फिरकी कशासाठी द्यायची?

भोवरा जाळीने जोरात सोडला की आरीवर ताठ उभा राहतो, आणि वेग ओसरला की डुलत आडवा होतो. बसका, रुंद भोवरा थोड्या फिरकीतही तग धरतो. उंच, काटकुळ्याला जास्त फिरकी लागते. गोळीचे तसेच आहे. गोल गोळीला पुढचे टोक आणि मागचे बूड असा भेदच नसतो, त्यामुळे ती उलटीपालटी होण्याचा प्रश्न नसतो. मात्र गुळगुळीत नळीतून निघताना ती कुठल्या तरी कडेला घासते आणि वेडीवाकडी फिरकी घेऊन हवेत भरकटते. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने 1742 साली तोफशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात हा भरकटीचा विचार मांडला आणि पुढे आटेदार नळीचे महत्त्व सांगितले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि 1751 साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. तेव्हाच्या हिंदुस्थानी फौजा, मराठ्यांच्याही, तोड्याच्या आणि चकमकीच्या गुळगुळीत बंदुकांवर लढत होत्या.

गोल गोळीला फिरकी हवी ती फक्त भरकट मोडण्यापुरती. थोडी पुरते. लांबट गोळीला मात्र टोक पुढे ठेवण्यासाठी फिरकी लागते, आणि गोळी जितकी लांब तितकी जास्त. म्हणून गोल गोळीची नळी सैल पिळाची आणि लांबट गोळीची घट्ट पिळाची. ठासणीच्या रायफलीचा निम्मा अभ्यास या दोन वाक्यांत येतो.

उरलेल्याला गणिताची थोडी मदत लागते. वुलविचच्या तोफखाना शाळेत गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 साली एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला 150 ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. जे येईल तेवढ्या लांबीत एक फेरा, हा त्या गोळीला हवा असलेला पीळ. माप इंचांत घेतले तर उत्तर इंचांत, मिलिमीटरमध्ये घेतले तर मिलिमीटरमध्ये. शिशाच्या गोळीसाठी हे सूत्र आहे, आणि इथे चर्चा शिशाचीच आहे.

करून पाहू. अर्ध्या इंचाच्या नळीत 0.49 इंचाची गोल गोळी. गोल गोळीची लांबी म्हणजे तिचा व्यासच, म्हणून 0.49 गुणिले 150, म्हणजे साडेत्र्याहत्तर इंच. अशा नळ्या 60 ते 72 इंचांत एक फेरा या पिळाने कोरल्या जातात, त्याचे कारण इथे दिसते. त्याच नळीत एक इंच लांबीची शंकूच्या डोक्याची गोळी घाला. 0.25 गुणिले 150, भागिले 1, म्हणजे साडेसदतीस इंच. पीळ जवळजवळ दुप्पट घट्ट झाला. आता 0.45 इंचाची, व्यासाच्या तिप्पट लांब गोळी घ्या, उत्तर येते साडेबावीस इंच. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1850 च्या दशकात षटकोनी नळीची रायफल बनवली तिचा व्यास 0.451 इंच आणि पीळ 20 इंचांत एक फेरा. ग्रीनहिल यांच्या सूत्राच्या वीस-पंचवीस वर्षे आधी व्हिटवर्थ प्रयोग करकरून तिथवर पोहोचले होते. 1857 च्या चाचणीत 500 यार्डांवर त्यांच्या रायफलीच्या गोळ्यांची सरासरी चूक 0.37 फूट, म्हणजे साडेचार इंचांच्या आसपास होती. त्या वेळी ब्रिटिश सैन्यात असलेल्या एनफील्डची 2.24 फूट. तरीही सैन्याने व्हिटवर्थ घेतली नाही. ती महाग होती आणि काजळीने लवकर तुंबत होती.

एनफील्डकडे जरा थांबून पाहायला हवे, कारण हिंदुस्थानच्या इतिहासात ठासणीची दुसरी कुठलीही रायफल इतकी गाजलेली नाही. 1853 चा नमुना, व्यास 0.577 इंच, नळी 39 इंच लांब, तीन सऱ्या आणि 78 इंचांत एक फेरा. म्हणजे गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत बरोबर अर्धी गिरकी. गोळी लांबट, व्यासाच्या साधारण दुप्पट. ग्रीनहिल यांच्या सूत्राने तिला 43 इंचांच्या आसपास पीळ लागायला हवा. मग 78 वर कशी चालली? सूत्रात सुरक्षिततेसाठी बरीच ढील धरलेली आहे, हे एक कारण. दुसरे असे की या गोळीचे बूड पोकळ होते. पोकळ बुडामुळे वजन डोक्याकडे जाते आणि अशी गोळी हवेत सहज उलटत नाही. तरी व्हिटवर्थपुढे ती किती मागे पडली ते वरच्या आकड्यांत आहेच. सूत्राचा उपयोग असाच करावा. ते सुरुवातीचा अंदाज देते. अंतिम निकाल लक्ष्यावरचा कागद देतो.

आता स्वतःच्या नळीचा पीळ मोजायचा कसा? साफसफाईचा असा गज घ्यावा ज्याची मूठ मोकळी फिरते आणि दांडा सऱ्यांबरोबर वळतो. टोकाला तेल लावलेली, घट्ट बसणारी चिंधी लावावी. गज तळापर्यंत घालून थोडा वर ओढावा, म्हणजे चिंधी सऱ्यांत नीट बसते. आता नळीच्या तोंडाशी दांड्यावर शाईने एक खूण करावी आणि त्या खुणेच्या वरच्या अंगाला चिकटपट्टीचा एक झेंडा लावावा. गज सावकाश बाहेर ओढताना झेंडा फिरताना दिसतो. तो अर्धा फेरा फिरला की पुन्हा तोंडाशी खूण. दोन खुणांमधले अंतर दुप्पट केले की पीळ मिळतो. आखूड नळीत पाव फेराच मिळाला तर चौपट करावे. घाईत चिंधी सऱ्यांवरून घसरते आणि पीळ आहे त्यापेक्षा सैल वाटतो. म्हणून तीनदा मोजावे आणि तिन्ही आकडे जुळेपर्यंत थांबू नये.

व्यास मोजण्यात एक अडचण येते. सऱ्यांची संख्या सम असेल तर सरीसमोर सरी येते आणि व्हर्नियरने थेट माप घेता येते. एनफील्डसारख्या तीन सऱ्यांच्या नळीत सरीसमोर वरंबा येतो, आणि थेट माप चुकते. अशा वेळी कारागीर मऊ शिशाचा तुकडा नळीच्या तोंडात थोडासा ठोकून बाहेर काढतो आणि त्यावर उमटलेला ठसा मोजतो. हे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे. नळीत अडकलेले शिसे हे घरच्या हातोडीने सुटणारे प्रकरण नव्हे.

जुन्या नळीत आणखी एक पाहायचे: तोंडाची झीज. शेकडो वेळा गज आत-बाहेर झाला की तोंडाजवळच्या वरंब्यांची धार बोथट होते, आणि गोळी बाहेर पडण्याच्या ऐन क्षणीच तिची पकड सुटते. बुडाकडच्या बाजूला गंजाचे खड्डे असतात. काळ्या दारूची काजळी ओल धरते, आणि प्रवरेकाठच्या पावसाळ्यात साफ न केलेली नळी तिथेच आधी खाल्ली जाते. अशी नळी कुठल्याही गोळीने बरी होत नाही. खोल खड्डे असलेली नळी फक्त पाहण्यासाठी ठेवावी.

गोल गोळीची नळी असेल, म्हणजे पीळ सैल आणि सऱ्या खोल असतील, तर गोळी वरंब्यांच्या व्यासापेक्षा लहान घेतात, इंचाच्या पाच ते दहा हजारांशांनी. राहिलेली फट तेल किंवा मेण लावलेल्या सुती चिंधीने भरायची. सऱ्यांना धरते ती चिंधी, शिसे नव्हे. गोळी चिंधीच्या मिठीत फिरते आणि बाहेर पडताच चिंधी गळून पडते. अर्ध्या इंचाच्या नळीत 0.490 ची गोळी आणि सुमारे 0.015 इंच जाडीची चिंधी ही सर्वत्र चालणारी जोडी. कापड घट्ट विणीचे, शुद्ध सुती हवे. पॉलिस्टर मिसळलेले कापड वितळते आणि नळीत चिकटते. चिंधी योग्य आहे का हे उडवल्यानंतर जमिनीवर पडलेली चिंधी उचलून पाहिले की कळते. मधे जळलेली किंवा सऱ्यांच्या रेषांत कापलेली दिसली तर जोडी चुकली.

घट्ट पिळाच्या नळीत गोल गोळी घातली तर काय होते? हलक्या बाराने ती चालते. बार वाढवला की चिंधीची पकड फिरकीच्या मागणीला पुरत नाही, गोळी सऱ्या सोडून वरंब्यांवरून सरळ घसरत जाते आणि लक्ष्यावर भोके विखुरतात. पुष्कळ जण अशा वेळी बार आणखी वाढवतात आणि प्रकरण बिघडवतात. बार कमी करणे किंवा गोळी बदलणे हे दोनच मार्ग. बाराचे माप या लेखात मुद्दाम दिलेले नाही. ते त्या नळीच्या चाचणीच्या शिक्क्यावरून, निर्मात्याच्या कागदावरून आणि जाणत्या कारागिराच्या सल्ल्यानेच ठरावे. आणि आधुनिक बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, चिमूटभरसुद्धा, घालू नये. तिचा दाब या नळ्यांसाठी नाही.

लांबट, पोकळ बुडाच्या गोळीची गोष्ट वेगळी. फ्रेंच अधिकारी मिनिए यांनी 1849 च्या सुमारास जी युक्ती रूढ केली तिची खुबी अशी, की गोळी नळीत सहज सरकेल इतकी बारीक असते. बार उडाला की गरम वायू तिच्या पोकळ बुडात शिरून कड फुलवतात, आणि फुललेली कड सऱ्यांत जाऊन बसते. भरताना सैल, सुटताना घट्ट. यासाठी सऱ्या उथळ हव्यात, चिंधीच्या खोल सऱ्या फुललेल्या कडेने भरत नाहीत. गोळी वरंब्यांच्या व्यासाहून फक्त एक-दोन हजारांश लहान हवी. आणि शिसे मऊ, शुद्ध हवे. गॅरेजमध्ये चाकांच्या बॅलन्सिंगची जी जुनी वजने मिळतात त्यांत अँटिमनी मिसळलेली असते. ती ओतून केलेली गोळी फुलतच नाही. नखाने ओरखडा सहज उठत नसेल तर ते शिसे या कामाचे नाही, ही कारागिरांची साधी कसोटी.

एनफील्डवर वेगळीच अडचण हिंदुस्थानातल्या उन्हाने आणली. गोळी सुरुवातीला 0.568 इंचाची होती. काळ्या दारूची काजळी कोरड्या, तापलेल्या हवेत कडक होते, आणि काही बारांनंतर गोळी गजाने ठासता ठासेना. मग व्यास 0.550 पर्यंत उतरवला गेला आणि बुडात लाकडी बूच बसवून ती नीट फुलेल अशी व्यवस्था झाली. 1857 म्हटले की काडतुसांवरच्या चरबीची आठवण येते. त्या चरबीच्या मुळाशी यंत्रशास्त्राचीही एक गरज होती, काजळी मऊ ठेवण्याची. पुढे वंगणात मेणाचे प्रमाण वाढवले गेले. नगर जिल्ह्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात मेण आणि तेलाचे मिश्रण मेणाकडे झुकते ठेवावे, थंडीत तेलाकडे. तीन-चार बारांनंतर ओलसर चिंधी फिरवली की गोळी पुन्हा सहज जाते.

उठावानंतर इंग्रजांनी आणखी एक गोष्ट केली, आणि संग्राहकांना ती ठाऊक असायलाच हवी. देशी शिपायांच्या हाती रायफल द्यायची नाही म्हणून एनफील्डसारखीच दिसणारी, पण 0.656 इंचाची गुळगुळीत नळी असलेली बंदूक 1858 च्या नमुन्याने काढली. बाहेरून दोघी बहिणी, आतून एक आटेदार आणि एक कोरी. पहिल्या खेपेच्या नळ्यांच्या भिंती पातळ होत्या, म्हणून 1859 च्या नमुन्यात त्या जाड केल्या. दिसायला एनफील्ड आहे म्हणून 0.577 च्या गोळ्या शोधणाऱ्याने आधी तोंडात दिवा धरावा.

नळी आणि गोळी एकमेकांसाठीच घडवण्याचा हट्ट कुठवर जाऊ शकतो, याची दोन उदाहरणे हिंदुस्थानात वावरून गेली. 1837 ची ब्रन्सविक रायफल: दोनच खोल सऱ्या आणि गोल गोळीच्या कमरेला शिशाचाच पट्टा. तो पट्टा सऱ्यांत बरोबर बसवूनच गोळी आत जायची. शांतपणे, स्वच्छ नळीत हे जमे. काजळी धरल्यावर शिपाई घामाघूम होत. दुसरे उदाहरण मुंबई लष्कराच्या तोफखान्यातल्या जॉन जेकब यांचे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या जेकबाबादेत त्यांनी स्वतःच्या खर्चाने वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि दुनळी रायफल काढली. चार सऱ्या, 30 इंचांत एक फेरा, आणि चार पंख असलेली लांबट गोळी. प्रत्येक पंख एका सरीत. 1858 साली या रायफलींवर जेकब्ज रायफल्स ही पलटण उभी राहिली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जेकब वारले. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता, घट्ट पीळ आणि लांब गोळी ही जोडी पक्की होती. पण फुलणाऱ्या साध्या गोळीने पंखांची गरजच संपवली. आज अशी रायफल कोणाच्या संग्रहात असेल तर तिच्याजोगती गोळी बाजारात मिळणार नाही, आणि दुसरी कुठलीही गोळी तिला घालू नये.

मधला पीळ, 48 इंचांत एक फेरा, हा तडजोडीचा. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंच्या रायफलींमुळे तो प्रसिद्ध झाला. गोल गोळी आणि आखूड लांबट गोळी, दोन्ही त्यात चालतात. ज्याला एकाच नळीवर दोन्ही हवे त्याने तो घ्यावा. ज्याला लक्ष्यावर दोन बोटांत पाच भोके हवीत त्याने एक बाजू निवडावी.

ठासणीच्या बंदुकांचा खेळ म्हणून जगभर सराव होतो. आंतरराष्ट्रीय संघटना 1971 पासून आहे, आणि तिच्या स्पर्धांपैकी एकीचे नाव मिनिए, दुसरीचे व्हिटवर्थ. आपल्याकडे नेमबाजीची राष्ट्रीय संघटना 1951 साली लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी स्थापली, आणि आजही नवे नेमबाज त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून वर येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारच्या 0.22 च्या रायफलींचा रूढ पीळ 16 इंचांत एक फेरा. गोळीची लांबी अर्ध्या इंचाहून किंचित कमी. ग्रीनहिल यांचे सूत्र लावले की उत्तर सोळाच्या आसपासच येते.

आणि टी-72 ची नळी गुळगुळीत का, तेही याच सूत्रात आहे. तिचा चिलखत फोडणारा बाण व्यासाच्या कितीतरी पट लांब असतो. लांबी भागाकारात इतकी मोठी झाली की पीळ इतका घट्ट मागितला जातो, की तशी नळी उपयोगाची राहत नाही. म्हणून फिरकी सोडून दिली आणि बाणाला शेपटीचे पंख लावले. विजयंताचा गोळा तितका लांब नव्हता, त्याला सऱ्या पुरल्या.

घरी करायचे काम छोटे आहे. परवान्याच्या पुस्तिकेसोबत एक पुठ्ठा ठेवावा आणि त्यावर सहा गोष्टी लिहाव्यात: वरंब्यांतला व्यास, सऱ्यांतला व्यास, सऱ्यांची संख्या, पीळ, गोळीचा व्यास आणि लांबी, चिंधीची जाडी किंवा वंगण. सरावाच्या मैदानावर बदल करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लक्ष्याचा कागद तारीख घालून त्याच पुठ्ठ्याला टाचावा. नळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी, बुडापर्यंत कोरडी करावी, तेलाचा हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी आत घालून बाहेर काढावी. तिच्यावर तांबूस डाग आला तर धुणे अपुरे झाले, पहिल्यापासून पुन्हा करावे.